बिनतारी अडॅप्टर आणि त्याचा ड्रायव्हर

अंगठ्याच्या पेराएवढी एक वस्तू संगणकाच्या यूएसबी खाचेत बसविली, की कोणतीही तार न जोडता तो संगणक वाय-फायच्या जाळ्यात सामील होऊ शकतो. या वस्तूला बिनतारी अडॅप्टर म्हणतात. शाळेतील अथवा वाचनालयातील जुन्या संगणकात वाय-फायची सोय मुळातच नसेल, किंवा असलेली बिघडली असेल, तर नवा संगणक घेण्याऐवजी काही शे रुपयांच्या या उपकरणाने काम भागते. परंतु पुष्कळदा असा अनुभव येतो, की अडॅप्टर खाचेत बसविला तरी संगणक जणू काही घडलेच नाही असा स्वस्थ राहतो. मग उपकरणच निकामी आहे असा ग्रह होतो आणि ते कपाटात पडून राहते. वास्तविक अशा वेळी उपकरणात दोष असतोच असे नाही. अनेकदा उणीव असते ती त्याच्या ड्रायव्हरची. हा ड्रायव्हर म्हणजे काय, तो कसा शोधावा, आणि तो मिळणे कधी सोपे तर कधी कठीण का होते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीला जगातील प्रत्येक उपकरणाची अंतर्गत रचना ठाऊक असणे शक्य नाही. ‘ही माहिती पाठवावयाची आहे’, ‘आलेली माहिती हवी आहे’ एवढेच ती सांगू शकते. अडॅप्टरमधील चिपला मात्र अशी ढोबळ भाषा कळत नाही. कोणत्या स्थानी कोणता अंक लिहिला म्हणजे तिचा प्रक्षेपक सुरू होतो, कोणता लिहिला म्हणजे लहरींची वारंवारता बदलते, हे सर्व त्या त्या चिपच्या रचनेप्रमाणे ठरलेले असते. कार्यप्रणालीची भाषा एका बाजूने ऐकून ती चिपच्या भाषेत सांगणारा जो दुभाषा, तोच ड्रायव्हर. साहजिकच एका चिपचा ड्रायव्हर दुसऱ्या चिपला उपयोगी पडेलच असे नाही, आणि विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर लिनक्सला चालत नाही.

याखेरीज आणखी एक आज्ञावली लागते. बहुतेक अडॅप्टरांच्या आत स्वतःचा एक लहानसा प्रक्रियक असतो. त्याला चालविणाऱ्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. अनेक अडॅप्टरांत ही आज्ञावली कायमची साठविलेली नसते. अडॅप्टर खाचेत बसविला की दर वेळी ड्रायव्हर ती संगणकातून अडॅप्टरकडे पाठवितो. त्यामुळे ड्रायव्हर हजर असूनही फर्मवेअरची फाईल नसेल, तर अडॅप्टर मुकाच राहतो.

ओळखीचे दोन क्रमांक

यूएसबी या जोडणीचे पहिले प्रमाण जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटेल कंपनीत ज्यांच्या पुढाकाराने तिची आखणी झाली, ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी होत. त्यापूर्वी छपाईयंत्र, कळफलक, माऊस यांना निरनिराळ्या खाचा लागत आणि नवे उपकरण जोडताना संगणकाला त्याची माहिती पुष्कळदा हाताने पुरवावी लागे. यूएसबीमध्ये उपकरणानेच स्वतःची ओळख सांगावी अशी योजना करण्यात आली.

ही ओळख पुढीलप्रमाणे होते. उपकरण जोडले गेल्याचे विद्युत्-दाबातील फरकावरून संगणकाला कळते. तो त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो आणि त्याच्याकडून अठरा बाइटांचे एक ओळखपत्र मागवून घेतो. या ओळखपत्रात दोन महत्त्वाचे क्रमांक असतात. पहिला उत्पादकाचा, तो यूएसबीची व्यवस्था पाहणारी संस्था नेमून देते. दुसरा वस्तूचा, तो उत्पादक स्वतः ठरवितो. प्रत्येक क्रमांक सोळा बिटांचा असल्यामुळे त्याची ६५,५३६ मूल्ये संभवतात. तो षोडशमान पद्धतीने चार चिन्हांत लिहितात. या पद्धतीत शून्य ते नऊ हे अंक आणि दहा ते पंधरा यांसाठी ‘ए’ ते ‘एफ’ ही सहा रोमन अक्षरे वापरतात.

रामपूर नावाची गावे आपल्या देशात कितीतरी आहेत. पत्र योग्य रामपुरास पोहोचते ते पिन क्रमांकामुळे. त्याचप्रमाणे कार्यप्रणाली अडॅप्टरवर छापलेले नाव विचारात घेत नाही. प्रत्येक ड्रायव्हरबरोबर तो ज्या क्रमांकांच्या जोड्यांना चालतो त्यांची यादी असते. तीत अडॅप्टरची जोडी सापडली, की तो ड्रायव्हर कामास लावला जातो.

ही जोडी पाहणे अवघड नाही. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. ड्रायव्हर न मिळालेले उपकरण तेथे पिवळ्या खुणेसह दिसते. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले असता ‘व्हीआयडी’ या अक्षरांपुढे उत्पादकाचा आणि ‘पीआयडी’ या अक्षरांपुढे वस्तूचा क्रमांक आढळतो. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच लहान रोमन अक्षरे सलग टंकित केली, की जोडलेल्या सर्व यूएसबी उपकरणांची यादी या क्रमांकांसह समोर येते.

नाव एक, चिप निराळी

वेष्टनावरील नावावर विसंबून का चालत नाही, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होईल. टीपी-लिंक कंपनीचा ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ हा अडॅप्टर अनेक वर्षे विकला गेला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉस कंपनीची एआर९२७१ ही चिप होती व तिची क्रमांकजोडी ०सीएफ३ : ९२७१ अशी होती. दुसऱ्या आवृत्तीपासून तीत रिअलटेक कंपनीची आरटीएल८१८८ईयूएस ही चिप आली आणि जोडी २३५७ : ०१०सी अशी झाली. नाव तेच राहिले. फरक सांगणारा आवृत्तीचा अंक तेवढा मागील चिठ्ठीवर बारीक अक्षरांत छापलेला असे.

लिनक्स वापरणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा होता. लिनक्सचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, त्यातच पुष्कळसे ड्रायव्हर अंतर्भूत असतात. एआर९२७१ चा ड्रायव्हर २०१० साली कर्नलमध्ये दाखल झाला आणि २०१३ मध्ये तिच्या फर्मवेअरचा मूळ मजकूरही खुला करण्यात आला. उलट दुसऱ्या चिपचा ड्रायव्हर २०१३ ते २०२३ या काळात कर्नलच्या कच्च्या, म्हणजे अद्याप सुधारणा व्हावयाच्या, दालनात होता. अनेकांना बाहेरून मिळविलेल्या ड्रायव्हरवर भागवावे लागे. २०२३ मध्ये या चिपची सोय मुख्य दालनातील ड्रायव्हरमध्ये झाली. ‘हा अडॅप्टर लिनक्सवर तात्काळ चालतो’ असा जुना सल्ला वाचून ज्यांनी नवी आवृत्ती घेतली, त्यांची निराशा झाली ती यामुळे. सल्ला खरा होता. पण तो नावाबद्दल नसून चिपबद्दल होता.

शोधाचा क्रम

क्रमांकांची जोडी हाती आली, की ती कोणत्या चिपची आहे हे प्रसिद्ध याद्यांवरून कळते आणि शोधाला दिशा मिळते. पुढील क्रमही ठरलेला असावा.

प्रथम कार्यप्रणाली अद्ययावत करून पाहावी. विंडोज आपल्या अद्ययावतीकरणाच्या सोयीतून अनेक ड्रायव्हर स्वतः आणते. लिनक्समध्ये नव्या कर्नलबरोबर नवे ड्रायव्हर येतात. लिनक्सवर डी, एम, ई, एस, जी या अक्षरांची आज्ञा दिली असता कर्नलची दैनंदिनी वाचावयास मिळते. फर्मवेअरची फाईल सापडली नसेल तर तशी नोंद तेथे दिसते, आणि लिनक्सच्या त्या वितरणातील फर्मवेअरचा संच बसविला की काम होते.

एवढ्याने भागले नाही तर अडॅप्टर विकणाऱ्या कंपनीच्या अधिकृत पानावर जावे व आवृत्तीचा अंक जुळवूनच ड्रायव्हर घ्यावा. अनोळखी ठिकाणांहून, किंवा ‘सर्व ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ अशी जाहिरात करणाऱ्या आज्ञावलीकडून, तो घेऊ नये. बिनतारी अडॅप्टरचा ड्रायव्हर सामान्यतः कार्यप्रणालीच्या गाभ्यातच, तिच्या पूर्ण अधिकारांसह चालतो. तो दूषित असेल तर सारा संगणक परक्याच्या स्वाधीन होतो. याच कारणास्तव विंडोज व्हिस्टापासूनच्या ६४ बिटी आवृत्त्यांत गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी असणे आवश्यक ठरविण्यात आले.

कधी कधी यादीत वाय-फाय उपकरणाऐवजी सीडीची चकती दिसते. याने गोंधळून जाऊ नये. काही अडॅप्टर विंडोजचा ड्रायव्हर स्वतःच्याच पोटात बाळगतात आणि प्रारंभी सीडीचे सोंग घेऊन तो पुढे करतात. ०बीडीए : १ए२बी ही जोडी अशाच सोंगाची आहे. ड्रायव्हर बसल्यावर अडॅप्टर खऱ्या रूपात येतो व त्याची जोडी बदलते. लिनक्समध्ये हे रूपांतर घडवून आणण्यासाठी ‘यूएसबी मोडस्विच’ नावाची आज्ञावली आहे.

लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर नसेल, तर त्याचा मूळ मजकूर मिळवून तो संगणकावरच संकलित करता येतो. परंतु असा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी संकलित केला त्याच्यापुरताच असतो. कर्नल बदलला की संकलन पुन्हा करावे लागते. ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था हे काम आपोआप करते. तथापि कर्नलच्या अंतर्गत रचनेतच बदल झाला, तर जुना मजकूर संकलितही होत नाही. शिवाय संगणकात ‘सिक्युअर बूट’ चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारला जातो.

इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे, असा पेच येथे अनेकांना पडतो. त्यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोबाइल फोन यूएसबीच्या तारेने संगणकास जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करणे. तारेने जोडलेले जाळे किंवा दुसऱ्या संगणकावर घेतलेली फाईल यांचाही उपयोग होतो.

ज्ञान कोणाच्या हाती

ड्रायव्हर लिहावयाचा तर चिपची अंतर्गत माहिती हवी, आणि ती मुळात उत्पादकाकडेच असते. तो ती न देता केवळ तयार ड्रायव्हर देईल, तर वापरणारा त्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो. नवी कार्यप्रणाली आली आणि उत्पादकाने नवा ड्रायव्हर काढला नाही, की धडधाकट अडॅप्टर निरुपयोगी होतो.

२००५ च्या सुमारास ब्रॉडकॉम कंपनीच्या प्रचलित वाय-फाय चिपांची स्थिती लिनक्सवर अशीच होती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी काम दोन गटांत वाटून घेतले. एका गटाने उपलब्ध यांत्रिक संकेतांचा अभ्यास करून चिप कशी वागते याचे वर्णन लिहिले. दुसऱ्याने केवळ त्या वर्णनावरून स्वतंत्र ड्रायव्हर रचला. २००६ साली तो कर्नलमध्ये आला. २०१० साली कंपनीनेही आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला.

या कामात ज्यांनी दीर्घकाळ श्रम घेतले, त्यांत अमेरिकेतील लॅरी फिंगर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी स्फटिकांच्या रचनेचा अभ्यास केला. ‘फिंगराइट’ हे खनिज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. निवृत्तीनंतर ते वाय-फायच्या ड्रायव्हरांकडे वळले आणि त्यांच्या दीड हजारांहून अधिक दुरुस्त्या लिनक्सच्या कर्नलमध्ये समाविष्ट झाल्या. वर उल्लेखिलेल्या रिअलटेकच्या चिपचा ड्रायव्हर २०१३ मध्ये कर्नलकडे त्यांनीच सादर केला होता. २०२४ साली त्यांचे निधन झाले. ज्यांनी त्यांचे नावही ऐकलेले नाही, अशा असंख्य लोकांचे संगणक आज त्यांच्या परिश्रमांवर चालत आहेत.

भारतातील शाळांना या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला, आणि त्या प्रणालीवरील कित्येक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांना लिनक्सवर अजून काही वर्षे कामात ठेवता येते. केरळच्या शासकीय शाळांतून लिनक्स दीर्घकाळ वापरात आहे, आणि सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय कार्यप्रणाली २००७ साली प्रसिद्ध केली. अशा संगणकासाठी अडॅप्टर घेताना वेग आणि किंमत यांआधी त्यातील चिप कोणती आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे काय, हे विचारावे. अडॅप्टर आल्यावर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याचे नाव लिहिताना आवृत्तीचा अंक आणि क्रमांकांची जोडीही लिहून ठेवावी. पाच वर्षांनी वेष्टन हरवलेले असेल, चिठ्ठीवरील अक्षरे पुसली गेली असतील, पण त्या आठ चिन्हांच्या नोंदीवरून नवा शिक्षक किंवा एखादा विद्यार्थीही योग्य ड्रायव्हरपर्यंत पोहोचू शकेल.