पुरुषी टक्कल : वरून लावण्याच्या औषधांचा एकत्रित वापर

मराठीत चाई आणि टक्कल हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि उपचाराच्या दृष्टीनेही ते वेगळेच ठेवावे लागतात. चाई म्हणजे एखाद्या ठिकाणी गोल चट्टा पडून अचानक केस जाणे. युनानी वैद्यकातील ‘दाउस्सअलब’ या संज्ञेचा अर्थ कोल्ह्याचा रोग असा आहे, आणि ‘अ‍ॅलोपेशिया’ या शब्दाच्या ग्रीक मुळातही कोल्हाच बसलेला आहे. पुरुषी टक्कल मात्र कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून व टाळूवरून हळूहळू पसरते. त्याची सुरुवात महाविद्यालयीन वयातही होऊ शकते. लग्नाची बोलणी सुरू होण्याच्या सुमारास घाबरलेला तरुण एकाच वेळी तीन-चार बाटल्या विकत घेतो आणि बऱ्याचदा सल्ला मात्र केशकर्तनालयातील घेतो. त्यामुळे कोणती औषधे जोडीने वापरणे सयुक्तिक आहे, हे अध्यापकांना माहीत असणे उपयोगाचे ठरेल.

सन १९४२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही. परंतु त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास आनुवंशिक प्रवृत्ती असणाऱ्यांचे केस विरळ होऊ लागतात. पुढे असे दिसून आले की, ५-अल्फा रिडक्टेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करते, आणि या दुसऱ्या संप्रेरकामुळे केसांची मुळे आक्रसत जातात. म्हणजे उपचाराला दोन जागा आहेत : संप्रेरकाची वाट अडवणे, किंवा आक्रसलेल्या मुळाला वाढीसाठी चालना देणे.

मिनॉक्सिडिल दुसऱ्या जागी काम करते. ते मुळात रक्तदाबाचे औषध. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याच्या गोळीला मान्यता मिळाली. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि त्या दुष्परिणामातूनच लावण्याचे द्रावण निघाले. पुरुषांसाठी २ टक्क्यांच्या द्रावणाला १९८८ मध्ये व ५ टक्क्यांच्या द्रावणाला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मिनॉक्सिडिल स्वतः फारसे काही करीत नाही. केसाच्या मुळाजवळील सल्फोट्रान्सफरेज हे विकर त्याला कार्यक्षम रूप देते. हे विकर सर्वांत सारखे नसते. म्हणूनच एकाच द्रावणाचा एका भावाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही.

या त्रुटीवर उपाय म्हणून ट्रेटिनॉइनची जोड दिली जाते. ते त्वचेतून औषध अधिक शिरू देते व सदर विकरही वाढवते. त्याबरोबर त्वचेची आग आणि रक्तात जाणारे प्रमाणही वाढते. दुसरी जोड बारीक सुयांच्या रोलरची. मुंबईत शीव येथील महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. रचिता धुरत व सहकाऱ्यांनी १०० पुरुषांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनंतर मोजलेल्या भागात केवळ मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांचे केस सरासरी २२ ने, तर आठवड्यातून एकदा सुयांचा उपचार घेणाऱ्यांचे ९१ ने वाढले. अभ्यास लहान व अल्पकालीन होता हे खरे, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र सुया टोचल्यावर लगेच औषध लावायचे नसते. घरी आणलेला रोलर दोघांनी वापरणे तर सरळ धोकादायक आहे.

कीटोकोनाझोलचा शाम्पू कोंडा व त्वचेचा दाह कमी करतो. त्याचा केसवाढीवरील पुरावा तोकडा आहे.

संप्रेरकाची वाट अडवणारे फिनास्टेराइड मिनॉक्सिडिलबरोबर एकाच लोशनमध्ये भारतात मिळते. दोन्ही वेगवेगळ्या जागी काम करीत असल्यामुळे ही जोडी तर्कास धरून आहे. ‘नुसते लावायचे आहे, पोटात थोडेच जाते!’ हा समज मात्र खरा नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत गोळीने रक्तातील डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन सुमारे ५६ टक्क्यांनी, तर फवाऱ्याने सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, औषधालयांत मिसळून दिलेल्या अशा लोशनांविषयी इशारा दिला. लैंगिक तक्रारी व नैराश्याचा त्यात उल्लेख होता. गरोदर स्त्रीचा या औषधाशी स्पर्श होऊ देऊ नये, कारण पुरुष गर्भाच्या वाढीस त्यापासून धोका आहे. एकच उशी वा टॉवेल वापरणाऱ्या घरात ही गोष्ट स्पष्ट सांगावीच लागते.

सर्व औषधे एकदम सुरू केल्यास गुण कशाचा आणि खाज कशाची, हे कळत नाही. पुष्कळदा खाज औषधाची नसून द्रावणातील प्रॉपिलीन ग्लायकॉलची असते. फेसाच्या स्वरूपातील मिनॉक्सिडिलमध्ये ते नसते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने एक औषध चार ते सहा महिने वापरून मगच दुसरे जोडावे. पहिल्या काही आठवड्यांत केस अधिक गळतात आणि तेवढ्यावरच अनेक जण औषध सोडतात. ती जुन्या केसांची गळती असते. मिनॉक्सिडिल खोबरेल तेलात मिसळू नये, ते तेलात विरघळत नाही. स्टिरॉइडचे मलम घालून घरी मिश्रण करण्याचा प्रकार तर त्वचा पातळ करून ठेवतो. घरात मांजर असल्यास बाटली व ओले डोके तिच्यापासून दूर ठेवावे. मिनॉक्सिडिलचे थोडेसे प्रमाणही मांजरास प्राणघातक ठरू शकते. आणि औषध बंद केल्यावर मिळालेले केस काही महिन्यांत जातात, तेव्हा दरमहाचा खर्च किती वर्षे परवडेल याचा हिशेब पहिली बाटली घेण्यापूर्वीच मांडलेला बरा.