तर्कू : वाट पाहणारं यंत्र

पाठ्यपुस्तकात पेशीविभाजनाच्या चार आकृत्या ओळीनं असतात: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. आकृत्या चुकीच्या नाहीत. जर्मनीतल्या कील शहरात वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलमँडरच्या पिलांच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिलं आणि १८८२च्या ग्रंथात काढून दाखवलं, त्याच्याशी आजच्या आकृत्या बऱ्याचशा जुळतात. पण चारही सारख्याच आकाराच्या छापल्या जात असल्यानं एक गोष्ट नजरेतून निसटते, ती म्हणजे वेळ. प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी पेशी साधारण चोवीस तासांत एकदा दुभंगते आणि त्यातला प्रत्यक्ष विभाजनाचा काळ तासाभराचा असतो. गुणसूत्रांच्या दोन प्रती सुटून दोन टोकांकडे जातात, ते काम काही मिनिटांतच उरकतं. त्याआधीचा बराच वेळ पेशी सगळी तयारी पुरी होण्याची वाट पाहत असते. या वाट पाहण्याला आपण कामातला खोळंबा समजतो. माझ्या मते विभाजनाचा सगळा भरवसा त्यावरच आहे, कारण विभाजन घडवणारं यंत्र त्याच्या सुट्या भागांपुरतं पाहिलं तर मुळीच अचूक नाही.

आधी कामाचं आकारमान पाहू. माणसाच्या एका पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात राहतो. विभाजनाआधी त्याची नक्कल होते आणि तो ४६ गुणसूत्रांत घट्ट गुंडाळला जातो. (हा आकडासुद्धा सहज हाती आलेला नाही. तीसएक वर्षं जग ४८ धरून चाललं होतं. स्वीडनमधल्या लुंड इथं जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेवान यांनी १९५५च्या अखेरीस तो दुरुस्त केला.) प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती गुणसूत्रबिंदूपाशी एकमेकींना धरून असतात आणि तिथंच प्रत्येक प्रतीवर प्रथिनांची एक पकड तयार होते. तिला कायनेटोकोर म्हणतात. म्हणजे एका विभाजनात अशा ९२ पकडी. प्रत्येक जोडीतली एक या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला बांधली गेली पाहिजे, एकही अपवाद न होता. शरीरात रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशींची जागा नव्या पेशी घेतात, हे लक्षात घेतलं की एक अपवाद किती महाग पडेल याचा अंदाज येतो.

ही बांधणी करतो तो तर्कू. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर, शेकडो-हजारो तंतूंचा. हे तंतू खरोखर असतात, की रंग आणि रसायनं घालून पेशी मारताना ते निर्माण होतात, यावर बराच काळ वाद होता. शिन्या इनोउए यांनी ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक स्वतः सुधारून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जिवंत पेशीत तंतू दाखवले, तेव्हा तो वाद मिटला. प्रत्येक तंतू म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाची पोकळ नळी, जाडी २५ नॅनोमीटर. तिचं वागणं १९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी उलगडलं आणि ते चक्रावून टाकणारं होतं. नळी वाढत जाते आणि मध्येच एकाएकी कोसळू लागते. शेजारची वाढत असते तेव्हा ही कोसळत असते. गुणसूत्र कुठं आहे हे तिला ठाऊक नसतं. वीज गेलेल्या अनोळखी खोलीत भिंत चाचपडणाऱ्या हातासारखी ती एका दिशेला जाते, काही न सापडल्यास मागे येते आणि दुसरीकडे वळते. वाटेत पकड लागली तर टिकते. तर्कूची उभारणी मुख्यतः अशी, आराखड्याशिवाय होते.

निव्वळ योगायोगावर हे वेळेत होणार नाही, असा आक्षेप इथं रास्त आहे. २००५च्या सुमारास केलेल्या गणिती प्रतिरूपांनी तेच दाखवलं: दिशाहीन शोधाला मानवी पेशीत फार वेळ लागला असता. गुणसूत्रांच्या आसपास काही रेणूंचं प्रमाण जास्त राहतं आणि नळ्या त्या बाजूला अधिक टिकतात, त्यामुळे शोधाला कल मिळतो. पण कल मिळाला म्हणजे खात्री मिळाली असं नाही. सर्वांत शेवटची पकड कधी सापडेल हे कोणत्याही पेशीत आधी सांगता येत नाही. म्हणूनच ठरावीक वेळ भरली की पुढं जाणारं यंत्र इथं चाललं नसतं.

सगळ्या पकडी बांधल्या गेल्या की नाहीत याची पेशी खरोखर तपासणी करते, याचा पुरावा दोन प्रयोगांनी दिला. दोन्ही १९९५चे. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इथं कॉन्ली रीडर आणि सहकाऱ्यांनी पोटोरू या कांगारूच्या छोट्या भाईबंदाच्या पेशी घेतल्या. त्यांत गुणसूत्रं मोजकी आणि मोठी असतात. एकच पकड मोकळी राहिली होती आणि पेशी थांबली होती. त्यांनी नेमकी तीच पकड लेझरनं जाळली. गुणसूत्र अजून नीट बांधलेलं नव्हतंच, पण तक्रार करणारी जागाच उरली नाही, आणि थोड्या वेळात पेशीनं विभाजन सुरू केलं. ड्यूक विद्यापीठात ब्रूस निकलस आणि शियाओताओ ली यांनी प्रार्थना-कीटकाच्या शुक्रपेशी घडवणाऱ्या पेशींवर काम केलं. तिथं जोडीदार न मिळालेलं एक्स गुणसूत्र पेशीला तासन्‌तास अडवून ठेवतं आणि शेवटी पेशी बहुधा मरते. निकलस यांनी काचेच्या अतिसूक्ष्म सुईनं ते गुणसूत्र ओढून धरलं. दुसऱ्या टोकाकडून यायचा होता तो ताण सुईनं दिला आणि तासाभरात पेशीनं पुढची वाट धरली. म्हणजे पेशी जोडणी आहे की नाही हे पाहते, आणि त्या जोडणीला ताण आहे की नाही याचाही तिला अर्थ कळतो. दोन प्रती एकाच टोकाला बांधल्या गेल्या तर ताण पडत नाही, ऑरोरा-बी नावाचं विकर ती गाठ सोडवतं, आणि शोध पुन्हा सुरू होतो.

थांबवण्याची क्रिया रासायनिक आहे. मोकळ्या पकडीवर मॅड-२ हे प्रथिन आपला आकार बदलतं आणि इतर प्रथिनांसोबत मिळून ज्या संकुलामुळे प्रतींमधलं बंधन तोडण्याचा हुकूम सुटतो त्यालाच जखडतं. ९२ पैकी ९१ बांधल्या गेल्या तरी उरलेल्या एकीचा आवाज पुरेसा ठरतो. तीही बांधली गेली की सेपरेज हे विकर मोकळं होतं, प्रतींना धरून ठेवणारी कोहेसिनची कडी कापतं, आणि मग माघार नसते.

विभाजनाचा भरवसा वाट पाहण्यावर आहे, या मतावरचा एक वजनदार आक्षेप कीटकांकडून आणि किण्वाकडून येतो. मॅड-२ नसलेली फळमाशी जगते. अनुकूल परिस्थितीत किण्वही या तपासणीवाचून भागवतो. मग ती प्राणभूत कशी? उत्तर गुणसूत्रांच्या संख्येत आणि शोधाला लागणाऱ्या वेळेत आहे. फळमाशीच्या पेशीत गुणसूत्रांच्या चारच जोड्या असतात, बांधणी लवकर आटोपते. मॅड-२ काढून घेतलेल्या मानवी पेशी मात्र गुणसूत्रांची वाटणी चुकवत काही विभाजनांतच मरतात, आणि उंदराचा गर्भ त्यावाचून वाढत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. एकच पकड दोन्ही टोकांच्या नळ्यांनी धरली तर ती बांधलेलीच दिसते आणि तपासणी तिला जाऊ देते. कर्करोगाच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या बिघडण्यामागे ही चूक वारंवार आढळते. हे मान्य करायलाच हवं. पण अशा बऱ्याचशा गाठी तपासणी चालू असलेल्या वेळातच सुटतात. तो वेळ कमी केला की मागे राहणारी गुणसूत्रं वाढतात. थांबणं चूक ओळखत नसलं तरी ती दुरुस्त व्हायला अवधी देतं.

या अवधीला मर्यादाही आहे, आणि पेशी ती मोजते. २०१० साली युमी उएताके आणि ग्रीनफील्ड स्लूडर यांनी दाखवलं की सामान्य मानवी पेशीला गुणसूत्रं जुळवायला दीड तासाहून अधिक लागला, तर विभाजन बिनचूक झालं तरी तिच्या दोन्ही जन्य पेशी पुढं दुभंगत नाहीत. स्त्रीबीजात चित्र निराळं आहे. मानवी स्त्रीबीजात तर्कू उभा राहायलाच सुमारे सोळा तास लागतात, आणि तिथली तपासणी शरीरातल्या इतर पेशींइतकी कडक नसते. विसाव्या किंवा तिसाव्या वर्षापेक्षा चाळिशीत गर्भात गुणसूत्रांची संख्या चुकण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. वर्षानुवर्षं टिकून राहिलेली कोहेसिनची बंधनं झिजणं हे त्याचं एक मोठं कारण. १९५९ साली डाउन सिंड्रोमचा संबंध जादा एकविसाव्या गुणसूत्राशी जोडला गेला. त्या जादा गुणसूत्रामागे बहुतेक वेळा स्त्रीबीजातली ही चुकलेली वाटणीच असते.

औषधशास्त्रानं तर्कूला फार आधीच गाठलं होतं. अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारी विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन, पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीत असलेलं कोल्चिसीन, ही सगळी ट्युब्युलिनच्या नळ्या बनू देत नाहीत. पॅसिफिक यू वृक्षातलं टॅक्सॉल उलट त्या मोडू देत नाही, हे १९७९ साली सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवलं. कळलावी विषारी आहे, एवढं इथं आवर्जून सांगायला हवं. ही औषधं पेशीला कायमची थांबवून मारतात, असं दीर्घकाळ मानलं गेलं. पण स्तनाच्या गाठीत प्रत्यक्ष पोहोचणारं टॅक्सॉल मोजलं तेव्हा ते त्यासाठी पुरेसं नसल्याचं दिसलं. तिथल्या पेशी अडून राहत नव्हत्या, दोनाऐवजी तीन-चार टोकांच्या तर्कूवर दुभंगून गुणसूत्रांची नासधूस करून घेत होत्या. आता याच्या पुढची वाट चाचपली जात आहे. तपासणी सुरू करून देणारं एमपीएस-१ हे विकर बंद करणारी औषधं रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत आली आहेत. कर्करोगाच्या ज्या पेशींत गुणसूत्रांचा गोंधळ आधीच आहे, त्यांना वाट पाहू दिली नाही तर पुढच्या एक-दोन विभाजनांत त्या टिकणार नाहीत, असा त्यामागचा हिशेब आहे. निरोगी पेशींनाही ती तपासणी तितकीच लागते, त्यामुळे मात्रा किती आणि किती दिवस द्यायची हाच या चाचण्यांपुढचा मुख्य प्रश्न आहे.