माजी सैनिकांची आरोग्य योजना : हक्क कागदावर, दवाखाना दूर

कसारा घाटाच्या अलीकडचा शहापूर आणि माळशेजच्या पायथ्याचा मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन विस्तीर्ण ग्रामीण तालुके. शहापुराला निदान आसनगाव, खर्डी, कसारा ही स्थानके तरी आहेत. मुरबाडकरांना रेल्वे गाठायची तर आधी कल्याण गाठावे लागते. या दोन्ही तालुक्यांतून सैन्यात गेलेले जवान निवृत्तीनंतर आपापल्या गावी परततात. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत परतलेल्या माणसाला दवाखान्याची फारशी फिकीर नसते. ती साठीनंतर सुरू होते. त्या वयात टोकावडे किंवा डोळखांबच्या पुढच्या एखाद्या पाड्यावरून मधुमेहाच्या महिनाभराच्या गोळ्यांसाठी शहराकडे निघायचे म्हणजे एक अख्खा दिवस जातो.

'तुम्ही देशाची काळजी घ्या, तुमच्या कुटुंबाची काळजी सरकार घेईल' हा भरतीच्या काळातील सर्वसाधारण समज. निवृत्तीनंतरही औषधोपचार मोफत मिळतील, असे जुन्या जवानांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात २००३ पूर्वी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयात उपचार मिळत ते जागा आणि साधने शिल्लक असतील तर. पहिला हक्क सेवेतील जवानांचा. शिवाय ही रुग्णालये छावण्यांच्या गावी. शहापूरच्या माणसाला एकीकडे कुलाब्याचे नौदलाचे 'अश्विनी' रुग्णालय, तर दुसरीकडे घाट चढून देवळालीचे लष्करी रुग्णालय.

या अवस्थेविरुद्ध माजी सैनिकांच्या संघटनांच्या महासंघाने १९९९ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. सेवेतील सैनिकाप्रमाणेच निवृत्त सैनिकालाही संपूर्ण आणि विनामूल्य वैद्यकीय सेवा मिळावी, ही मागणी. याचिका प्रलंबित असतानाच केंद्र सरकारने ३० डिसेंबर २००२ रोजी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना मंजूर केली आणि १ एप्रिल २००३ पासून ती लागू झाली. सैनिकांच्या घरोघरी ती 'ईसीएचएस' या नावानेच ओळखली जाते. निवृत्तिवेतन घेणारा माजी सैनिक, त्याची पत्नी, अवलंबून असलेली मुले व आईवडील यांना पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी व औषधे मिळावीत आणि गरज पडल्यास तेथून चिठ्ठी घेऊन संलग्न खासगी रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार व्हावेत, अशी ही व्यवस्था. खर्चाला वरची मर्यादा नाही, हे तिचे बलस्थान.

मात्र नावातच 'अंशदायी' हा शब्द होता. सदस्य होण्यासाठी एकदाच, पण वर्गणी भरावी लागणार होती. प्रारंभी ती निवृत्तिवेतनानुसार १,८०० ते १८,००० रुपये होती. ज्याचे आश्वासन मिळाले होते त्यासाठी पैसे का भरायचे, हा संघटनांचा सवाल होता. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २२ ऑगस्ट २००६ रोजी त्याचे उत्तर दिले. वैद्यकीय मदतीचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. तथापि, सेवेतील आणि निवृत्त सैनिक हे दोन वेगळे वर्ग आहेत आणि वर्गणी घेऊन सेवा देणे घटनाबाह्य नाही, असेही सांगितले. संपूर्ण मोफत सेवेची मागणी तेथे संपली. या लढ्यातून हाती लागलेली ठोस गोष्ट म्हणजे १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना मिळालेली वर्गणीची माफी. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या त्या पिढीला ही सवलत लहान नव्हती.

आश्वासन आणि कायदा यांतील हे अंतर भारतापुरतेच आहे असे नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या आणि कोरियन युद्धाच्या काळात भरती झालेल्या सैनिकांना भरती अधिकाऱ्यांनी आजन्म मोफत उपचारांचे वचन दिले होते. पासष्टी ओलांडल्यावर लष्करी रुग्णालयांची दारे त्यांच्यासाठी जवळपास बंद झाली. व्हिएतनामच्या तुरुंगातून परतलेले कर्नल बड डे यांनी वकील म्हणून त्यांचा खटला लढविला. वचन दिले गेले होते हे सरकारनेही नाकारले नाही. परंतु तसे वचन देण्याचा अधिकार कायद्याने कुणालाच नव्हता, असे सांगून अपील न्यायालयाने २००२ मध्ये निकाल सैनिकांविरुद्ध दिला. मात्र खटल्याने आणि संघटनांच्या रेट्याने तापलेल्या वातावरणात अमेरिकी काँग्रेसने २००० मध्येच कायदा केला आणि १ ऑक्टोबर २००१ पासून या वृद्ध सैनिकांना स्वतंत्र आरोग्य संरक्षण मिळाले. न्यायालयात न मिळालेले कायदेमंडळात मिळाले. भारतातही माजी सैनिकांची शक्ती २००८ नंतर रस्त्यावर दिसली, पण ती 'समान श्रेणी, समान निवृत्तिवेतन' या मागणीसाठी. २०१५ मध्ये जंतरमंतरवर झालेल्या आंदोलनाने ती मागणी बऱ्याच अंशी पदरात पाडून घेतली. औषधांच्या तुटवड्यासाठी मात्र कधी एवढा मोठा मांडव पडला नाही.

योजना गेल्या दोन दशकांत वाढली, हे नाकारता येणार नाही. सुरुवातीला २२७ पॉलिक्लिनिके मंजूर होती. २०१० मध्ये आणखी १९९ मंजूर झाली. मार्च २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, आणीबाणीच्या काळात भरती झालेले अधिकारी, अल्पसेवा अधिकारी अशा निवृत्तिवेतन नसलेल्या काही गटांनाही तिची दारे उघडली. वर्गणीही वाढली. सातव्या वेतन आयोगानंतर ती हवालदारापर्यंतच्या दर्जासाठी ३० हजार, कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांसाठी ६७ हजार आणि अधिकाऱ्यांसाठी १ लाख २० हजार रुपये झाली. एवढी रक्कम भरलेल्या माणसाने सेवेची अपेक्षा धरली तर ती आगाऊपणाची म्हणता येणार नाही.

अडचण येते ती पुढे. संलग्न रुग्णालयांची बिले थकली की ती रोखरहित सेवा थांबवितात किंवा माजी सैनिकाला खाट नाही असे सांगतात. अर्थसंकल्पातील तरतूद आणि प्रत्यक्ष देणी यांचा मेळ न बसणे हे या योजनेचे जुने दुखणे आहे. महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये या योजनेवर स्वतंत्र अहवालच दिला होता. शहरातला माजी सैनिक एका रुग्णालयाने नाकारले तर रिक्षाने दुसऱ्याकडे जातो. संलग्न रुग्णालये शहरी पट्ट्यात असल्याने मुरबाडच्या रुग्णाला असा दुसरा पर्याय त्या दिवशी नसतोच.

अशा वेळी नियमांची माहिती हाच मोठा आधार ठरतो आणि गावपातळीवरील संघटनांचे खरे काम येथेच आहे. हृदयविकाराचा झटका किंवा अपघात अशा तातडीच्या प्रसंगी पॉलिक्लिनिकची चिठ्ठी लागत नाही. जवळच्या कोणत्याही रुग्णालयात दाखल होता येते. ते संलग्न नसेल तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. बिल आधी स्वतः भरून नंतर ठरलेल्या सरकारी दराने परत मागता येते. हा दर प्रत्यक्ष बिलापेक्षा बहुधा कमी असतो, हेही लक्षात ठेवलेले बरे. रुग्णालय यादीत नाही एवढ्याच कारणावरून प्रतिपूर्ती नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये एका निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याच्या प्रकरणात दिला आहे. तो प्रश्न नागरी कर्मचाऱ्यांच्या योजनेचा असला तरी माजी सैनिकांच्या दाव्यांतही त्याचा आधार घेता येतो. पॉलिक्लिनिकमध्ये औषध नसेल तर 'उपलब्ध नाही' असा शेरा लिहून घ्यावा. तोंडी नकारावर नंतर काहीच उभे राहत नाही.

सर्वाधिक हाल होतात ते विधवांचे. पतीच्या सेवापुस्तकात नाव एक, आधार कार्डावर दुसरे आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशावर तिसरेच स्पेलिंग, असे प्रकार सर्रास असतात. कार्ड त्यावाचून निघत नाही. दुरुस्तीचा कागद तालुक्यात होत नाही. पती मराठा लाइट इन्फंट्रीत असेल तर बेळगाव आणि महार रेजिमेंटमध्ये असेल तर मध्य प्रदेशातील सागर येथील अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यात मदत करते. पण आरोग्य योजना संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील असल्याने तिच्या तक्रारी योजनेच्या प्रादेशिक केंद्राकडे किंवा केंद्र सरकारच्या तक्रार निवारण यंत्रणेकडेच न्याव्या लागतात. तहसीलदारांना दिलेले निवेदन वर्तमानपत्रात छापून येते. त्याने औषध येत नाही.

आणखी एक निवड अलीकडे समोर आली आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे कार्ड देण्यास ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रारंभ झाला. माजी सैनिकाला दोन्हींपैकी एकच योजना घेता येते. घराजवळ मिळणारे कार्ड सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, त्यात वर्षाला पाच लाखांची मर्यादा आहे आणि रोजच्या गोळ्या व बाह्यरुग्ण तपासणी यांचा समावेश नाही. रक्तदाब-मधुमेहाच्या वृद्धाला तो सौदा महाग पडू शकतो. निवृत्तिवेतन नसलेल्या सत्तरीपुढच्या माजी सैनिकाला मात्र तेच कार्ड उपयोगी आहे.

दवाखाना जवळ आणण्याची मागणी करायची तर तीही आकड्यांच्या भाषेत करावी लागेल. एखाद्या भागात किती माजी सैनिक राहतात, यावर पॉलिक्लिनिक द्यायचे की नाही आणि ते किती मोठे, हे ठरते. योजनेत फिरत्या पॉलिक्लिनिकचीही तरतूद आहे. शहापूर-मुरबाडसारख्या विखुरलेल्या वस्तीसाठी तीच अधिक योग्य. पण ज्या गावातील निम्म्या माजी सैनिकांनी नवे कार्ड काढलेले नाही, पत्ता बदललेला नाही किंवा पत्नीचे नाव नोंदविलेले नाही, त्या गावाचा आकडा कागदावर निम्माच दिसतो. गावोगाव फिरून ही यादी पूर्ण करणे हे कंटाळवाणे काम आहे आणि ते स्थानिक माजी सैनिकांवाचून कोणी करणार नाही.

या हक्काच्या कक्षेबाहेर राहणाऱ्यांचा एक नवा गटही लवकरच गावी परतेल. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६-२७ मध्ये पूर्ण होत आहेत. त्यांतील कमाल पंचवीस टक्के कायम होतील. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ही आरोग्य योजनाही नाही. तसे त्यांच्या भरतीच्या अटींतच लिहिलेले आहे.