पडद्यावरचा खोटा इशारा

संगणकावर एखादी वेबसाइट उघडताना अचानक सगळा पडदा व्यापणारी निळी किंवा लाल खिडकी येते, भोंगा वाजू लागतो आणि मजकूर दिसतो: संगणकात व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, संगणक बंद करू नका, मायक्रोसॉफ्टच्या या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. खिडकी बंद करायला जावे तर फुली सापडत नाही. बनावट 'टेक सपोर्ट'ची फसवणूक बहुधा अशी सुरू होते. या घटकेला संगणकाला सहसा काहीही झालेले नसते. समोर असते ते केवळ एक वेबपान, आणि ब्राउझरमधल्या पानाला हार्ड डिस्क उघडून तपासता येत नाही. व्हायरस सापडला की नाही हे कळण्याचा मार्गच त्याच्याकडे नसतो. सरकणारी हिरवी पट्टी, व्हायरसची लांबलचक नावे, वाढत जाणारे लाल आकडे हे सगळे आधीच तयार करून ठेवलेले चित्र असते. कल्याणच्या खडकपाड्यात दिसते तेच अमेरिकेतल्या एखाद्या गावातही दिसते.

पान खरे वाटावे म्हणून केलेल्या करामती साध्याच आहेत. व्हिडिओ पाहताना पडदा पूर्ण भरतो, ती सोय ब्राउझर प्रत्येक पानाला देतो. ठग तीच वापरतात, म्हणून वरची पत्त्याची पट्टी आणि खालचा टास्कबार दिसेनासा होतो. त्यावर विंडोज डिफेंडरसारखी दिसणारी खोटी खिडकी रंगवलेली असते. माउसचा बाण लपवलेला असतो, त्यामुळे संगणक अडकल्यासारखा वाटतो. काही पाने एक सूचना बंद केली की लगेच दुसरी उघडतात. कधी खाली वापरणाऱ्याच्या शहराचे आणि इंटरनेट कंपनीचे नावही येते, आणि नेमक्या त्याच ओळीने माणूस घाबरतो. प्रत्यक्षात कोणत्याही वेबसाइटला आयपी पत्त्यावरून एवढा अंदाज बांधता येतो. तो इतका ढोबळ असतो की कल्याण-डोंबिवलीतल्या जोडणीला अनेकदा 'मुंबई' म्हणून दाखवले जाते.

अशा पानापर्यंत माणूस पोहोचतो तो जाहिरातींतून, फुकट सिनेमे आणि क्रिकेटचे सामने दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरून, किंवा पत्ता टाइप करताना एखादे अक्षर चुकल्यावर. दुसरी वाट 'नोटिफिकेशन'ची आहे. एखादे पान विचारते, सूचना पाठवू का? घाईत 'अलाउ' दाबले जाते आणि मग ते पान बंद असतानाही पडद्याच्या कोपऱ्यात अँटिव्हायरस संपल्याचे इशारे येत राहतात. तिसरी वाट सर्वांत कपटी, कारण तिच्यात माणूस आपल्या पायांनी चालत जातो. प्रिंटर चालत नाही म्हणून तो कंपनीचा हेल्पलाइन क्रमांक गुगलवर शोधतो आणि वर येणारा पहिलाच क्रमांक ठगांचा निघतो. हा प्रकार इतका बोकाळला होता की गुगलने ऑगस्ट २०१८ मध्ये त्रयस्थ टेक सपोर्ट कंपन्यांच्या जाहिरातींवर जगभर निर्बंध आणण्याची घोषणा केली.

म्हणजे खिडकी हे नुसते आमिष आहे. खरी फसवणूक फोनवर होते आणि तिच्यातली प्रत्येक पायरी फसणाऱ्याच्या हातूनच चढवून घेतली जाते. पलीकडचा माणूस शांत, अदबीने बोलणारा असतो. तो आपला 'एम्प्लॉयी आयडी' सांगतो आणि पुरावा म्हणून विंडोजमधलीच एखादी खिडकी उघडायला लावतो. त्यांचे आवडते साधन 'इव्हेंट व्ह्यूअर'. संगणकात घडणाऱ्या बारीकसारीक गोष्टींची ती नोंदवही असते. ठणठणीत संगणकातही तिथे पिवळ्या आणि लाल खुणांच्या शेकडो नोंदी असतात. ठग म्हणतो, पाहा, एवढे व्हायरस! दुसरी युक्ती आणखी मासलेवाईक आहे. काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करायला लावतात. येणाऱ्या लांबलचक यादीच्या शेवटाजवळ ८८८ ने सुरू होणारा एक संकेतांक असतो. हा तुमच्या संगणकाचा खास परवाना क्रमांक आहे, असे सांगून ठग तोच क्रमांक फोनवर वाचून दाखवतो. तो तंतोतंत जुळल्यावर बहुतेकांचा विश्वास बसतो. वस्तुतः तो संकेतांक जगातल्या प्रत्येक विंडोज संगणकात एकच असतो.

एकदा विश्वास बसला की एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा अल्ट्राव्ह्यूअर यांपैकी एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतात. ही अ‍ॅप्स स्वतः वाईट नव्हेत, कार्यालयांतले आयटीवाले ती रोज वापरतात. पण त्यांचा नऊ-दहा आकडी क्रमांक सांगून 'अ‍ॅक्सेप्ट' दाबले की संगणकाचा ताबा पलीकडच्याकडे जातो. मोबाइलवर असेच अ‍ॅप उतरवले तर पडद्यावर आलेला ओटीपीही त्याला वाचता येतो. एनीडेस्कद्वारे ग्राहकांची खाती रिकामी होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता. जुन्या विंडोजमध्ये तर पैसे द्यायला नकार दिला की ठग 'सिसकी' नावाच्या सोयीने पूर्ण संगणकालाच पासवर्ड लावून टाकत. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ती सोय विंडोज १० मधून काढून टाकली, त्याचे एक कारण हा गैरवापर होते.

पैसे काढण्याच्या तऱ्हा देशागणिक बदलतात. अमेरिकेत दुकानातून गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावून त्यांवरचे आकडे फोनवर विचारले जातात. भारतात कार्ड, यूपीआय किंवा नेट बँकिंग. त्यांतली 'रिफंड'ची चाल समजून घेण्यासारखी आहे. काही महिन्यांनी फोन येतो: आमची कंपनी बंद होत आहे, तुमचे पैसे परत करायचे आहेत, बँकेचे खाते उघडा. ताबा घेतलेल्या संगणकावर ठग ब्राउझरमधल्या पानाचा मजकूर तात्पुरता बदलतो आणि पाच हजारांऐवजी पन्नास हजार जमा झाल्याचे दाखवतो. मग गयावया सुरू होते, चुकून जास्त गेले, माझी नोकरी जाईल, वरचे परत पाठवा. प्रामाणिक माणूस स्वतःचेच पंचेचाळीस हजार पाठवून देतो. पान पुन्हा लोड केले असते तर खोटा आकडा नाहीसा झाला असता.

हा धंदा बराचसा भारतात बसून चालला, हे सांगायला अवघड असले तरी खरे आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांचे धागे भारतात निघाले. त्या वेळी एका 'दुरुस्ती'चे ४९ ते ४५० डॉलर घेतले जात. ठाणे जिल्ह्याची या जगाशी गाठ पडली ती ऑक्टोबर २०१६ मध्ये. ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले, सातशेहून अधिक जणांची चौकशी केली आणि पहिल्या फेरीत ७० जणांना अटक केली. परमबीर सिंग तेव्हा ठाण्याचे पोलीस आयुक्त होते. मुख्य संशयित सागर ठक्कर ऊर्फ शॅगी एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला. मिरा रोडची टोळी संगणकाच्या व्हायरसची नव्हे, तर अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याची भीती घालत होती. पण लिहून दिलेली संहिता, खोटे अमेरिकी नाव, फोन ठेवू न देण्याचा हट्ट आणि गिफ्ट कार्डातून वसुली ही यंत्रणा टेक सपोर्टवाल्यांसारखीच होती. त्या कॉल सेंटरांत बसलेले बहुतेक विशी-पंचविशीतले, नोकरीच्या शोधात आलेले तरुण होते. कामाचे स्वरूप त्यांना कधी कळले हा प्रश्न आहेच, पण संहिता वाचल्यावर ते कळत नव्हते असे म्हणणे कठीण आहे.

नंतर दिल्ली पोलिसांनी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून राजधानी परिसरातल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांनी मिळून केलेल्या टेक सपोर्टच्या तक्रारींचा समावेश होता. तरीही धंदा आटलेला नाही. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा फसवणुकीत ९२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या.

बळी जातात ते फक्त म्हातारेकोतारे, ही समजूत भारतापुरती तरी सोडावी लागेल. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये १६ देशांत केलेल्या पाहणीत जगभरातल्या ५९ टक्के लोकांना वर्षभरात असा प्रकार अनुभवाला आला होता. भारतात हे प्रमाण ६९ टक्के होते आणि ३१ टक्क्यांचे पैसेही गेले होते. अमेरिकेत नुकसानीचा मोठा भार साठीपुढच्यांवर पडतो, पण भारतात सर्वाधिक फसले ते २४ ते ३७ वयाचे. संगणक येतो म्हणून ठगही ओळखता येतो, असे नाही.

खिडकी आलीच तर सुटका सोपी आहे. भोंगा वाजत असेल तर आधी आवाज बंद करावा, म्हणजे डोके चालते. मग एस्केप ही कळ थोडा वेळ दाबून धरावी, पडदा बहुधा पूर्वीसारखा होतो. नाही झाला तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझरवर 'एंड टास्क' करावे. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप या कळा तेच काम करतात. काहीच जमले नाही तर पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करावा. 'बंद करू नका' ही धमकी पोकळ आहे. न साठवलेले काम गेले तर तेवढेच. ब्राउझर पुन्हा उघडताना तो जुनी पाने परत आणू का असे विचारतो, तिथे नकार द्यावा. शेवटी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी पाहून अनोळखी नावे काढून टाकावीत.

ओळखण्याची एक खूण तर अशी की तिच्यापुढे बाकीच्या विसरल्या तरी चालतील. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात किंवा त्रुटीच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की खिडकी खोटी. कंपन्यांनीही आता ब्राउझरमध्येच बंदोबस्त सुरू केला आहे. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये २०२५ पासून 'स्केअरवेअर ब्लॉकर' आहे. तो पूर्ण पडदा अडवणारे पान ओळखून त्याचा आवाज आणि विस्तार थांबवतो. गुगलने त्याच वर्षी क्रोमच्या 'एनहान्स्ड प्रोटेक्शन'मध्ये अशी पाने संगणकावरच ओळखणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप जोडले. पण क्रोममधली ही निवड बहुतेकांनी सेटिंगमध्ये जाऊन कधी पाहिलेलीही नसते, आणि जुना, अद्ययावत न केलेला ब्राउझर वापरणाऱ्याला या सोयी मिळतच नाहीत.

ताबा दिला गेला असेल तर पहिले काम वाय-फाय तोडण्याचे. त्यानंतर ते अ‍ॅप काढून टाकावे आणि विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण तपासणी करावी. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मोबाइलवरून किंवा संगणकावरून, त्याच यंत्रावरून नव्हे. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच येतात. शंका उरली तर ओळखीच्या दुकानदाराकडून विंडोज नव्याने टाकून घेणे बरे. कल्याण-डोंबिवलीत स्टेशन परिसरात असे दुरुस्तीवाले पुष्कळ आहेत, आणि फोनवरच्या अनोळखी 'इंजिनिअर'पेक्षा ते स्वस्तही पडतात.

पैसे गेले असतील तर हे सगळे बाजूला ठेवून आधी १९३० लावावा. केंद्र सरकारची ही हेल्पलाइन एप्रिल २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकाने सुरू झाली आणि पुढे तिला हा सोपा क्रमांक मिळाला. तक्रार नोंदताच ती पैसे गेलेल्या बँकेला आणि पैसे आलेल्या बँकेला कळते. रक्कम अजून खात्यात असेल तर गोठवली जाते, पुढे सरकली असेल तर त्या पुढच्या बँकेला सूचना जाते. एटीएममधून रोख निघाली की ही साखळी संपते, म्हणून वेळ तासांत नव्हे, मिनिटांत मोजावा लागतो. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवणे गरजेचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार पडत नाही. पण ग्राहकानेच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. टेक सपोर्टच्या प्रकरणात बँका हाच दुसरा नियम पुढे करतात, त्यामुळे कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. कल्याणमध्ये महात्मा फुले चौक, बाजारपेठ, कोळसेवाडी, खडकपाडा, तर डोंबिवलीत रामनगर, विष्णूनगर, मानपाडा, टिळकनगर यांपैकी जवळच्या पोलीस ठाण्यातही ती देता येते. ही ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात आणि आयुक्तालयाचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणेही आहे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तो नोंदवून घ्यावा लागतो. सोबत खिडकीचा मोबाइलने काढलेला फोटो, पानाचा पत्ता, ठगाचा फोन नंबर, रिमोट अ‍ॅपमधली नोंद आणि बँकेचे विवरण द्यावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो.