पुराची गोळी, सर्दीची गोळी

उल्हास नदी फुगली की बदलापूर-कल्याणच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं आणि गुडघाभर पाण्यातून माणसं स्टेशन गाठतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावं, असं मुंबई महापालिकेचा आरोग्य विभाग पावसाळ्यात सांगत असतो. रोग काही मुलुंडच्या टोलनाक्यावर थांबत नाही, त्यामुळे ठाणे-डोंबिवलीकरांनाही हे लागू आहे. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेला जिवाणू पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतो. आजार व्हायच्या आधीच त्याला गाठायचं, म्हणून डॉक्सिसायक्लिन. जखम होती का, पाण्यात एकदा उतरलात की रोज, यावर डोस ठरतो. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सी देत नाहीत, त्यांच्यासाठी अझिथ्रोमायसिन. प्रतिजैविक कसं वापरावं याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल: शत्रू ठाऊक, औषध ठाऊक, वेळ ठाऊक.

त्याच पावसाळ्यात, त्याच स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये, हीच अझिथ्रोमायसिन वेगळ्याच कामाला लागलेली असते. नाक गळतंय, घसा धरलाय, उद्या सुट्टी मिळणार नाही. ‘अॅझी पाचशे द्या, तीन गोळ्या.’ चिठ्ठी कोणी मागत नाही. सर्दी होते विषाणूंमुळे आणि त्यांच्यावर ही गोळी चालत नाही. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, कारण सर्दी तेव्हा एरवीही उतरणारच होती. श्रेय मात्र गोळीला जातं आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही तीच सुचवली जाते.

गोळी वाया गेली, एवढंच नुकसान असतं तर पैशांवर भागलं असतं. पण विषाणूला न शिवणारी ती गोळी आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंपर्यंत पोचतेच. त्यातले कच्चे मरतात, तिला पुरून उरणारे मोकळ्या जागेत वाढतात. शिवाय औषध निकामी करणारं जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं, लोकलच्या गर्दीत पिशवी हातोहात रॅकपर्यंत पोचावी तसं. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात असं जनुक सापडलं. त्याने आधी दिल्लीत उपचार घेतले होते, म्हणून नाव पडलं एनडीएम-१, त्यातला एनडी म्हणजे नवी दिल्ली. अतिदक्षता विभागात राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधंही त्यापुढे हतबल ठरतात. २०१० मध्ये त्यावरचा लेख ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात आला तेव्हा आपल्याकडे गदारोळ झाला तो नावावरून. तेवढाच जनुकावरून झाला असता तर बरं होतं. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे.

कायदा नाही असं नव्हे. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं देताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. आपली लाडकी अॅझी मात्र २०१४ च्या या यादीत नव्हतीच. तिला चिठ्ठी लागते, पण या यादीप्रमाणे वेगळ्या वहीतली नोंद लागत नव्हती. पाकिटावरची उभी लाल रेघ ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको’ असं सांगते, पण सुट्ट्या कापून दिलेल्या गोळ्यांवर ती येईलच असं नाही.

सगळा दोष गिऱ्हाईक आणि मेडिकलवाल्याच्या माथी मारणं मला पटत नाही. फुप्फुसरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या १०६ खासगी डॉक्टरांना टीबीच्या औषधांची चिठ्ठी लिहायला सांगितली. बरोबर निघाल्या सहा, आणि औषधयोजना मिळाल्या ६३ तऱ्हांच्या. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी हिंदुजा रुग्णालयातले चार रुग्ण नोंदवले, ज्यांच्या टीबीवर तपासलेलं एकही औषध लागू पडत नव्हतं. चुकीच्या चिठ्ठ्यांतून असा टीबी घडतो आणि मग खोकल्यातून घरच्यांना लागतो.

‘कोर्स पूर्ण करा’ या सल्ल्यावरही आता वाद आहे. साध्या संसर्गात जास्त दिवस गोळ्या घेतल्याने प्रतिरोध उलट वाढतो, असं काही तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. पण किती दिवस पुरे हे डॉक्टरांनी ठरवायचं, ताप उतरला म्हणून आपण नव्हे. टीबीला तर ही सवलत मुळीच नाही, तिथे महिनेच मोजायचे.

लघवीला जळजळ होते तेव्हा डॉक्टरांना ‘कल्चर करू या का?’ एवढं विचारायला हरकत नाही. दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या त्या कागदावर औषधांच्या नावांपुढे एस किंवा आर छापलेलं असतं. एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही. मात्र नमुना पहिली गोळी पोटात जाण्याआधी द्यावा लागतो. मेडिकलमधून आणलेली एखादी गोळी आदल्या रात्री घेतलेली असेल, तर कागदावर जिवाणू उगवलाच नाही असंही येऊ शकतं, आणि जळजळ तशीच राहते.