पट्टीवरची दुसरी रेघ

दिवाळी उलटली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कितीतरी कातकरी कुटुंबं भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं टेम्पोत चढतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यातल्या एखादीची पाळी चुकलेली असेल, तर ते टेम्पो सुटण्याआधी कळायला हवं.

गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, म्हणजे आशाताईच्या, पिशवीतली 'निश्चय' पट्टी ते सांगते. सकाळची पहिली लघवी, ड्रॉपरने दोन-तीन थेंब, पाचेक मिनिटं. 'सी'पाशी रेघ आली म्हणजे पट्टी धड आहे. 'टी'पाशी दुसरी आली, फिकट का होईना, म्हणजे दिवस गेलेत.

गर्भाशयात रुजू लागलेला गर्भ एचसीजी हे संप्रेरक सोडतो. अंडाशयातल्या पीतपिंडाला तो त्याचा निरोप असतो: प्रोजेस्टेरॉन बनवत राहा, पाळी येऊ देऊ नकोस. सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी त्याचं प्रमाण दुप्पट होतं. लघवीतून आलेले हे रेणू पट्टीतल्या प्रतिपिंडांना चिकटतात. त्या प्रतिपिंडांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेले असतात. पुढे 'टी'वर पक्की बसवलेली दुसरी प्रतिपिंडं त्याच रेणूला धरून ठेवतात आणि सोनं तिथे साचतं. कण इतके बारीक की सोनं असूनही रेघ गुलाबी-लाल दिसते.

1928च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक हाच निरोप उंदराच्या पिल्लांना लघवी टोचून वाचत. उत्तराला काही दिवस लागत आणि पिल्लं जिवाला मुकत. 1960मध्ये स्वीडनच्या वीडे आणि गेमझेल यांनी प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी आणली. पण एचसीजीचा अर्धा भाग एलएच या दुसऱ्या संप्रेरकासारखाच असल्याने दोन्हींत गफलत होई. 1972मध्ये अमेरिकेत जुडिथ वैतुकायटिस आणि सहकाऱ्यांनी उरलेला, वेगळा अर्धा भाग हेरून मोजणी केली. पाड्यावर आज मिळणारं उत्तर त्या कामावर उभं आहे.

पट्टीला मर्यादा आहेत. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजला तरी रेघ तशीच येते. द्राक्षगर्भात, म्हणजे गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वाढ होते तेव्हा, एचसीजी इतकं वाढतं की दोन्हीकडची प्रतिपिंडं निरनिराळ्या रेणूंनीच भरून जातात. मग रेघ फिकी पडते, कधी उमटतही नाही. म्हणून पोटात कळ किंवा रक्तस्राव असेल, तर पट्टी काहीही म्हणो, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय लगेच गाठायला हवं.

रेघ उमटली की बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, फॉलिक ॲसिड, हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी हे सगळं सुरू होऊ शकतं. पण ही बाई आठवड्याभरात भट्टीवर गेलेली असते. आदिवासी भागातल्या गरोदर बायांना अंगणवाडीतून चौरस जेवण देणारी, 2015मध्ये सुरू झालेली अमृत आहार योजना तिच्या गावात राहते. माझं मत स्पष्ट आहे: भट्टीच्या हंगामाआधी पाड्यापाड्यावर ही पट्टीची तपासणी व्हावी, माता-बाल कार्ड तिच्या गाठोड्यात जावं आणि इथल्या आशाताईने भट्टीजवळच्या आशाताईला त्याच दिवशी फोन करावा.