दाराबाहेरचे सहा तास

छातीत कळ घेऊन कुणी कॅज्युअल्टीत आला की केसपेपर नंतर. आधी ईसीजी, तोही १० मिनिटांच्या आत. शर्ट काढायचा, घाम पुसायचा (ओल्या छातीवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत), छातीवर सहा आणि हातापायांना चार जोडण्या लावायच्या. चौकटींच्या कागदावर आलेखातला ‘एसटी’ हा भाग वर उचललेला दिसला, तर हृदयाची एखादी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असं धरून पुढची धावपळ सुरू होते. पहिला ईसीजी साफ आला म्हणून लगेच घरी पाठवायचं नसतं. दुखणं थांबत नसेल तर थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणारं रक्तातलं ट्रोपोनिनही पुन्हा तपासतात, कारण सुरुवातीला ते वाढलेलं दिसेलच असं नाही.

दोन्ही हातांचं बीपी बघणारा डॉक्टर वेळ घालवत नसतो. महाधमनीच्या भिंतीला चीर गेली तरी दुखणं असंच असू शकतं, आणि तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिवावर बेतेल. शेजारच्या काकांनी जिभेखाली ठेवायला दिलेली सॉर्बिट्रेटही निरुपद्रवी नाही. हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका आला असेल तर बीपी धाडकन कोसळतं.

गुठळी हे झटक्याचं कारण की परिणाम, यावर बराच काळ वाद होता. १९८० साली अमेरिकेत डीवुड आणि सहकाऱ्यांनी झटक्यानंतर पहिल्या चार तासांतच अँजिओग्राफी केली, तेव्हा ८७ टक्के रुग्णांची वाहिनी पूर्ण बंद सापडली. मग ती उघडायची कशी, हा प्रश्न उरला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू ८ टक्के. दोन्ही न मिळालेल्यांत १३.२. रुग्णांचे लहान लहान गट पाडून आकडे मागितले गेले, तेव्हा संशोधकांनी राशीवार आकडेही छापले: मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही! आकड्यांचे तुकडे पाडत गेलं की काहीही सिद्ध होतं, हे त्यांना दाखवायचं होतं. आपल्याकडच्या ज्योतिष्यांच्या हाती तो लेख लागला नाही, हे बरं झालं.

पुढे अँजिओप्लास्टी सरस ठरली, पण वेळेत झाली तरच. निदानापासून १२० मिनिटांत ती होण्यासारखी नसेल, तर आधी इंजेक्शन द्यावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तालुक्याच्या रुग्णालयातलं हे इंजेक्शन म्हणजे गरिबाची तडजोड, असा समज शहरात आहे. मला तो खोटाच नव्हे, घातक वाटतो.

कारण मुळात वेळ जातो कुठे? २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत भारतातल्या ८९ केंद्रांमधले २०,४६८ रुग्ण होते. दुखायला लागल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटं. दारातून आत आल्यावर इंजेक्शनपर्यंत ५०. रुग्णालयं आपल्या दारापासून घड्याळ लावतात. हृदयाच्या स्नायूचं घड्याळ मात्र घरीच सुरू झालेलं असतं: ‘पित्त झालंय’, मग इनो, मग ओव्याचं पाणी, मग ‘सकाळी बघू’. बायका आणि मधुमेही यांना तर कधी कधी नुसताच दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. छाती दुखतेच असं नाही. त्याच नोंदणीत गरीब रुग्णांचे ३० दिवसांतले मृत्यू ८.२ टक्के, श्रीमंतांचे ५.५.

तामिळनाडूत लहान रुग्णालयं अँजिओप्लास्टी होणाऱ्या मोठ्या कॅथलॅबना जोडून पाहिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २,४२० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आलेले दिसले. महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका २०१४पासून धावते आहे. पण दारात रिक्षा किंवा भाच्याची गाडी उभी असली की तो नंबर फिरवायचं कुणाला सुचत नाही.

आत आल्यावरही एक मुक्काम असतो, सहीचा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून नातेवाइकांची संमती घेतात. मुलगा पुण्याच्या मामांना फोन लावतो, मामा ओळखीच्या डॉक्टरांना, आणि ‘इथे काही करू नका, मोठ्या हॉस्पिटलात हलवा’ असा निरोप येतो. खरं तर इंजेक्शन दिलं की हलवायचंच असतं. तासा-दीड तासाने ईसीजी पुन्हा काढतात. उचललेला एसटी निम्म्याहून खाली आला नसेल तर तातडीने अँजिओप्लास्टी, आला असेल तर २४ तासांच्या आत अँजिओग्राफी.